बारीक माणसाला साखर? तब्येत नेमकी कुणाच्या हातात असते?

माणदेशी_धायरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या महिन्यात आमच्या बँकेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. मी हौसेनं पहिला नंबर लावला, कारण आपलं काही निघणार नाही याची खात्री होती. वय ५२, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६३ किलो. लग्नातला सफारी अजून बसतो (पँटचं वरचं बटण सोडून). शाखेत आम्ही आठ जण, त्यातले पाच चांगले ढेरपोटे. ते चहात साखर टाकू लागले की टोमणा मारायचा मान वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे.

रिपोर्ट आले. त्या पाचांतल्या तिघांचे आकडे स्वच्छ. माझी उपाशीपोटीची साखर ११२, जेवणानंतरची १६८, आणि ती तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.२.

शिबिरातले डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात. गोड बंद करा, चालायला लागा, टेन्शन घेऊ नका." मोजून चाळीस सेकंद. मग "पुढचे".

आता माझी अडचण ऐका. गोड मी मुळात खात नाही. दिवाळीतल्या करंज्याही वाटून टाकतो. तंबाखू नाही, दारू नाही. वडील ऐंशीव्या वर्षी गेले, त्यांना साखर नव्हती. राहिलं चालणं. सकाळी सव्वानऊला गाडीवर टांग टाकतो, सिंहगड रोडच्या गर्दीतून शाखेत पोहोचतो, दिवसभर खुर्चीत असतो, घरी यायला साडेसात. आमच्या गल्लीत फुटपाथ आहे असं महापालिकेच्या नकाशात तरी असावं. प्रत्यक्षात त्यावर एक विजेची डीपी, दोन टपऱ्या आणि कायमस्वरूपी उभी केलेली एक जुनी व्हॅन आहे. आणि टेन्शनचं म्हणाल, तर ते मी काय ताटात मागून घेतो? मार्चअखेर मी ठरवलेली नाही.

रिपोर्ट हातात घेऊन दोन दिवस स्वतःवरच चिडलो होतो. काहीतरी पाप केल्यासारखं वाटत होतं, आणि नेमकं कोणतं तेवढं आठवत नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी शिक्षा दिलेली नाही, नुसता रिपोर्ट दिलाय." बरोबर आहे तिचं. पण प्रश्न राहतोच. तब्येत ही माझी कमाई आहे की नशीब, की आणखी तिसरंच काही? आणि त्यातलं माझ्या हातात किती?

जाणकारांनी लिहावं. "कारल्याचा रस प्या" हे तीन जणांनी आधीच सांगून झालंय.

पाटावरवंटा

सेम टू सेम! मी ५८ किलो, एचबीए१सी ६.४. सासूबाई म्हणतात, "हिला कसली साखर, हिच्या अंगावर मांस तरी आहे का?" वाचतेय.

गुळाचा_खडा

कारल्याचा रस प्या. (पळतो)

घोटीव_काढा

मी निवृत्त फिजिशियन आहे. कुणाचं निदान इथे करणार नाही, तुमचे डॉक्टर तुमच्यासमोर आहेत. पण "बारीक माणसाला साखर कशी" याचं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे, म्हणून लिहितो.

२००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) तंतोतंत सारखा, २२.३. पुस्तकाप्रमाणे दोघेही सडपातळ आणि उत्तम. मग अंगातली चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून एवढे वेगळे. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात.

याचा अर्थ असा की वजनकाटा आपल्या लोकांना फसवतो. हातपाय काटकुळे, आणि चरबी सगळी पोटात, आतड्यांभोवती, यकृतात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर आणलेली आहे, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत असावी असं सांगतात. धागाकर्ते, तुमचा बीएमआय साधारण २२.४ येतो. ते पँटचं बटण मात्र मला जास्त महत्त्वाचं वाटतंय. टेप घ्या आणि बेंबीच्या जरा वर मोजा. पोट आत ओढू नका, इथे कुणी बघत नाही.

आता साखर जाते कुठे ते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. कणगी मोठी असेल तर सुगीचं धान्य मावतं. लहान असेल तर ते ओसरीवर सांडतं. आपल्याकडे अनेकांची कणगीच लहान असते. का? तर याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं लहान होती, पण लहान असण्यात गंमत होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे आपण 'बारीक-लठ्ठ' जन्मालाच येतो.

म्हणून तुम्हाला एक विचारतो, उगाच नाही. जन्मसाल कोणतं, गाव कुठलं, आणि जन्मताना वजन किती होतं?

मीठभाकर

हे सगळं ठीक आहे डॉक्टर, पण आमचे आजोबा रोज वाटीभर तूप आणि गुळाचा खडा खाऊन ९१ वर्षं जगले. बीएमआय कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं. माणूस आळशी झाला, जिभेचे चोचले वाढले, बाकी काही नाही. मी स्वतः त्या आहारवाल्या डॉ. दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच जेवतो, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. अकरा किलो उतरवले. इच्छाशक्ती लागते. ती दुकानात मिळत नाही.

पाटावरवंटा

मीठभाकर, तुमच्या आजोबांना भावंडं किती होती आणि त्यातली किती मोठी झाली, हेही लिहा की. माझी आजी ८८ वर्षं जगली. तिची सहा भावंडं परकर-झबल्यातच गेली. त्यांच्या तुपाची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही.

मीठभाकर

अकरा होती. मोठी झाली चार. मुद्दा लक्षात आला. तरी तूप चांगलंच होतं.

माणदेशी_धायरीकर

दोन दिवस उशीर झाला, माफ करा. कंबर मोजली. साडेछत्तीस इंच, म्हणजे ९२ च्या वरच. बायकोने दोनदा मोजली, दुसऱ्यांदा जरा जास्तच प्रेमानं.

डॉक्टरांचा प्रश्न आईला विचारला. ती आमच्याकडेच असते, वय बहात्तर. मी म्हटलं, "अगं आई, मी जन्मलो तेव्हा वजन किती होतं?" ती हसायलाच लागली. "वजन? सुईण काय तराजू घिऊन आली व्हती व्हय? वंजळीत मावत व्हतास. तुझी आजी म्हनली, ह्ये काय टिकत न्हाई."

मग तिनं जे सांगितलं ते मी बावन्न वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

माझा जन्म १९७३ च्या चैत्रातला, गाव माण तालुक्यात. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात मी तिच्या पोटात. ती तेव्हा विशीचीही नव्हती. विहिरी आटलेल्या, दावणीची जनावरं विकलेली. ती आणि वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. "सातवा लागला तरी जात व्हते. न्हाई गेलं तर हजरी कोन देनार? हातुड्यानं फोडायची, ढीग लावायचा, मग सायेब टेप लावून मोजनार." खायला काय होतं? मिलो. ती अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापली की चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी मिळायची. तिच्या वाटची सुकडी ती बांधून आणायची, माझ्या थोरल्या बहिणीसाठी.

मी ऐकत राहिलो. नंतर म्हणाली, "आता तुला साखर निगाली त्ये माज्यामुळं का रं?"

तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. डॉक्टर, तुम्हीच सांगा.

घोटीव_काढा

आधी आईंना सांगा, तिच्यामुळे नाही. तिच्यामुळे तुम्ही जगलात. नीट सांगा, ती हे मनात ठेवून बसेल.

आता शास्त्र. पोटातल्या बाळाला तुटपुंजं मिळालं की शरीर गरिबाच्या घरातल्या कर्त्या बाईसारखं वागतं. मेंदूला पहिला घास, बाकीच्यांनी भागवायचं. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला काटकसर येते. ती त्या वेळी जीव वाचवते. पन्नास वर्षांनी माणूस खुर्चीत बसून दोन्ही वेळ पोटभर जेवायला लागला की तीच अंगलट येते.

हे इंग्लंडात डेव्हिड बार्कर यांनी दाखवलं, तेही एका वहीवरून. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी-नर्सबाई घरोघर जाऊन प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन नोंदवत होत्या. त्या वह्या जपलेल्या होत्या. बार्करच्या गटानं त्यातली म्हातारी झालेली बाळं शोधली, तर जी कमी वजनाची जन्मली होती त्यांच्यात पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी अन्नपुरवठा तोडला होता. त्या महिन्यांत जे पोटात होते त्यांच्या मोठेपणी साखर पेलण्याची ताकद कमी निघाली.

माण तालुक्यातल्या आयांची अशी वही कुणी ठेवली नाही. त्यामुळे तुमच्या बाबतीत "हेच कारण" असं मी म्हणणार नाही. अनुवंश असतो, वय असतं, ती खुर्ची असते. पण "मी काय पाप केलं" या प्रश्नातला बराचसा भाग इथे निकाली निघायला हरकत नसावी.

बोरीबाभळी

डॉक्टर, यात एक जोडते. बहात्तरच्या दुष्काळात पीक जवळपास बुडालं, तरी माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत. ती दवाखान्यांमुळे वाचली नाहीत. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी पडली, म्हणून चूल पेटली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. माझे वडील तेव्हा हजेरी लिहायचे. ते म्हणायचे, माझ्या मस्टरनं जेवढी माणसं जगवली तेवढी आमच्या तालुक्याच्या डॉक्टरानं जगवली नसतील. अतिशयोक्ती असेल, पण मला ती फार आवडते. आरोग्य खात्याच्या हिशेबात ते मस्टर कुठेच येत नाही.

मीठभाकर

म्हणजे आता सगळं दुष्काळावर ढकलायचं का? दुष्काळ दोषी, सरकार दोषी, फुटपाथ दोषी. आणि काल संध्याकाळी जो वडापाव खाल्ला तो कुणी, मुख्यमंत्र्यांनी?

घोटीव_काढा

वडापाव तुम्हीच खाल्लात. पण चौकात वडापाव पंधरा-वीस रुपयांना गरमागरम मिळतो आणि सोललेली काकडी, उकडलेलं अंडं शोधत फिरावं लागतं, हे तुम्ही ठरवलेलं नाही.

तुमचे अकरा किलो खरेच कौतुकाचे, खोचून बोलत नाहीये. दोन वेळा जेवायची ती मूळ कल्पना श्रीकांत जिचकारांची, दीक्षितांनी ती घरोघर नेली आणि अनेकांना गुण आला. फक्त एक. ज्याला साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यानं डॉक्टरांना न विचारता असं काही सुरू करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

पाच_बेचाळीस_फास्ट

इच्छाशक्तीवर मला बोलायचंय. मी बदलापूरला राहते, ऑफिस फोर्टला. पहाटे पावणेपाचला उठते. तीन डबे. ५.४२ ची लोकल. परत यायला साडेआठ. मग स्वयंपाक, सगळ्यांना वाढणं, आणि शेवटी कढईत उरलेलं मी. रात्री साडेदहाला ओटा पुसताना मला कुणी "जेवणानंतर शतपावली करत जा" म्हणालं की उलथनं फेकावंसं वाटतं.

माझं हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टर म्हणाले पालेभाज्या खा. पालेभाज्या निवडणार कोण, कधी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. अर्ध्याहून जास्त बायका एकदम आळशी कशा झाल्या, मीठभाकर?

मीठभाकर

ताई, मी तुम्हाला आळशी म्हणालो नाही. माझ्या घरी डबा कोण भरतं हे आज जेवताना बघितलं. बायको. आणि मी दोनदाच जेवतो म्हणून तिचं काम कमी झालं असेल असं मला वाटायचं, तर तीच म्हणाली, "तुमचं ते पंचावन्न मिनिटांचं गरम गरम लागतं त्यापायी माझा जीव जातो." उद्यापासून कोशिंबीर माझ्याकडे.

पाटावरवंटा

मीठभाकर यांनी माघार घेतल्याची तारीख नोंदवून ठेवा रे कुणीतरी.

थेम्सकाठचा_पाऊस

इकडे लंडनमध्ये पंधरा वर्षं आहे, म्हणून एक इकडचं लिहितो. ब्रिटिश सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल नावाचा अभ्यास झाला, १९६७ पासून, सुमारे अठरा हजार पुरुष. मायकेल मार्मट हे त्यातलं मोठं नाव. सगळे एकाच शहरातले, सगळ्यांना पक्की नोकरी, दवाखाना सगळ्यांना फुकट. दाणापाण्याला महाग कुणीच नाही. तरीही सगळ्यात खालच्या पायरीवरच्यांचा, म्हणजे शिपाई-पहारेकऱ्यांचा, मृत्युदर सगळ्यात वरच्या साहेबांच्या जवळपास तिप्पट.

लोकांना वाटायचं हृदयविकार हा साहेबांचा रोग. निघालं उलटं. आणि फक्त तळाला वाईट असंही नाही, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर वरच्यापेक्षा जरा वाईट. खालचे लोक सिगारेट जास्त ओढायचे हे खरं, पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं धरूनही फरकातला मोठा भाग उरतोच. पुढच्या टप्प्यात दिसलं की स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती, हे फार मोजलं जातं. काम किती यापेक्षा ते कधी आणि कसं करायचं हे कोण ठरवतं.

माझे काका मंत्रालयात शिपाई होते. साहेबाची बेल वाजली की जेवणाच्या डब्यावरून उठायचे. बावन्नाव्या वर्षी गेले, अॅटॅकनं. घरात सगळे अजून "तंबाखूनं खाल्लं" म्हणतात. तंबाखू होतीच. पण ती बेल मला अजून ऐकू येते.

माणदेशी_धायरीकर

तुमच्या काकांचं वाचून थांबलो जरा. आमच्या शाखेतल्या शिपायाला मी आजवर किती वेळा जेवताना उठवलं, ते आठवत बसलो.

कोयता_गंगाखेड

मी ऊसतोड भागातला, आईवडील दोघं कोयत्यावर. इथे सगळे शहरातले दिसताय म्हणून लिहितो.

आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, फडात. पालात राहायचं. संडास नाही, पाणी कालव्याचं. पहाटे तीन-चारला तोड, मोळ्या डोक्यावर घेऊन शिडीवरून गाडीत चढवायच्या. एक दिवस खाडा पडला की दंड, तो उचलीतून वजा.

आता पाळीच्या दिवसांत बाईनं काय करायचं? पोटात दुखतंय, अंगावरून जातंय, खाडा परवडत नाही. मग कुणीतरी सांगतं, "पिशवी काढून टाक, कटकटच नको." पंचविशी-तिशीतल्या बायकांनी पिशव्या काढल्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सर्वेक्षण झालं, सुमारे ८२ हजार ऊसतोड बायका, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली.

माझ्या मावशीची एकतिसाव्या वर्षी काढली. आता पंचेचाळीस आहे, हाडं दुखतात, रात्रीची झोप नाही. ऑपरेशनचे पैसे कुठून? परत मुकादमाकडून उचल.

त्या पालावर एकदा एक संस्थेच्या बाई आल्या होत्या. चांगल्या होत्या. त्यांनी पाळीतली स्वच्छता यावर रंगीत चित्रं दाखवली. मावशीनं विचारलं, "बाई, पाणी कुठंय?"

बोरीबाभळी

...

काही सुचत नाही लिहायला. "पाणी कुठंय" हे मी लक्षात ठेवणार आहे.

यावरून जामखेडची आठवण झाली. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं जामखेडला आलं. दोघं बाहेर शिकून आलेले, दवाखाना थाटून बसले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण गावकऱ्यांना विचारलं तर त्यांना आधी दवाखाना नको होता, पाणी आणि अन्न हवं होतं. मग विहिरी-बोअर, बांधबंदिस्ती, झाडं, शेतकरी मंडळं, आणि गावातल्याच बायका शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. त्यातल्या कित्येक दलित, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. ज्यांच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं त्या घरोघर बाळंतपणं करू लागल्या, पाण्यात मीठ-साखर कालवून जुलाबाची पोरं वाचवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं.

आरोग्य संवर्धन हा शब्द आपण पोस्टर आणि मॅरेथॉनपुरता ठेवलाय. १९८६ मध्ये कॅनडातल्या ओटावाला जागतिक परिषद झाली, तिच्या सनदेत आरोग्याच्या पूर्वअटी लिहिल्यात. शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न... औषध त्या यादीतही नाही. जामखेडच्या बायकांना ही यादी आधीच पाठ होती.

गुळाचा_खडा

मी चेष्टा करायला आलो होतो, पण आता एक खरं लिहितो. मी खाद्यतेलाच्या धंद्यात आहे. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट वाईट, हे वीस वर्षं लेख येत होते. एक गिऱ्हाईक हलला नाही. मग अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मर्यादा आणली, जानेवारी २०२२ पासून २ टक्के. कारखान्यांनी मिश्रण बदललं. खारी बिस्किटं खाणाऱ्या एकाही माणसाला त्यासाठी इच्छाशक्ती लागली नाही, त्याला कळलंसुद्धा नाही. मिठातल्या आयोडीनचंही तेच. गलगंड काय कुणी संकल्प करून घालवला?

मीठभाकर

हे मला पटलं. धंदेवाला बोलला की मला लवकर पटतं.

पण धागाकर्त्यांनी उद्या सकाळी उठून करायचं काय? ओटावाला जायचं?

घोटीव_काढा

रास्त प्रश्न. धायरीकर, तुमच्या चाळीस सेकंदांत न बसलेलं थोडक्यात सांगतो.

कणगी मोठी करा. नुसतं चालणं पुरत नाही, स्नायूंना ओझं द्या. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या कॅन उचलणं. आठवड्यातून दोन-तीनदा. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं म्हणतात, पण ते एकदम करायची सक्ती नाही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी जेवणानंतरची साखर खाली राहते, कारण नेमकं तेव्हाच धान्य दारात आलेलं असतं. घरातल्या घरातही चालेल. शतपावली हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही, फक्त शंभरच पावलं पुरत नाहीत.

ताटात पोळी-भात एक हिस्सा कमी, आणि त्या जागी डाळ, उसळ, अंडं, दही, शेंगदाणे. तुम्ही गोड खात नाही म्हणालात, पण दोन पोळ्या, वर भात आणि बटाट्याची भाजी हा डबा असेल तर साखरेला तेवढं पुरतं. झोप सात तास. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. काठावरचे सगळे पाण्यात पडत नाहीत. देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये आलेल्या पाहणीप्रमाणे मधुमेही १०.१ कोटी आणि काठावरचे १३.६ कोटी, तेव्हा तुमच्या बाजूला गर्दी भरपूर आहे.

पाच_बेचाळीस ताई, तुम्हाला मी काहीच करायला सांगणार नाही. तुमच्या घरच्या बाकी मंडळींना सांगायचंय. पहिलं ताट तुमचं वाढा. लोहाच्या गोळ्या मात्र घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर.

पाच_बेचाळीस_फास्ट

काल मुलाला हा प्रतिसाद वाचून दाखवला. वय पंधरा. त्यानं पहिलं ताट मला वाढलं आणि मग म्हणाला, "आता रोज का?" हो म्हटलं.

माणदेशी_धायरीकर

सव्वातीन महिने झाले, हिशेब द्यायला आलोय.

उठ-बस आधी आठ होत नव्हती, आता तीस होते. डब्यात एकच पोळी, मटकीची उसळ आणि दोन अंडी. शाखेत दुपारी जेवण झालं की आम्ही सहा जण (तेच ढेरपोटे आणि मी) पार्किंगमध्ये बारा मिनिटं फेऱ्या मारतो. शिपाईसुद्धा येतो, आणि दीड ते दोन त्याला कुणी हाक मारायची नाही असं मॅनेजरांकडून ठरवून घेतलं. तेवढंच माझ्या हातात होतं. फुटपाथवरची व्हॅन आम्ही अकरा जणांनी सह्या करून अर्ज दिल्यावर सहा आठवड्यांनी हलली. टपऱ्यांना हात लावू दिला नाही, त्यांचंही पोट आहे. डीपी आहे तिथेच.

एचबीए१सी ५.९. कंबर सव्वापस्तीस. सफारीचं बटण लागतं, बसलं की जरा कुरकुरतं.

आणखी एक. आमची मुलगी पाचव्या महिन्यात आहे, माहेरी आलीय. डॉक्टरांनी वर पोटातल्या बाळाबद्दल लिहिलेलं वाचून तिच्या डॉक्टरांना बी१२ जीवनसत्त्वाचं विचारलं. तपासलं तर कमी निघालं, गोळ्या चालू केल्या. आई तिच्या ताटाकडे पहारा देत बसते. परवा मुलगी नको नको म्हणत असताना आईनं तिच्या ताटात दुसरं अंडं टाकलं आणि म्हणाली, "खा. माज्या वक्ताला दुष्काळ व्हता. तुज्या वक्ताला काय झालंय?"

मी टेप घेऊन सगळ्यांच्या कंबरा मोजत फिरत होतो तेव्हा आई कोपऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, "माजी बी मोज की."

तेव्हा लक्षात आलं, तीन महिने आम्ही तिच्या पोटाबद्दल, तिच्या दुष्काळाबद्दल बोलतोय, आणि बहात्तर वर्षांत तिची साखर एकदाही तपासलेली नाही. शिबिरं झाली ती बँकेत, कारखान्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये. खडी फोडणाऱ्यांसाठी झालेलं मला एकही आठवत नाही.

उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन चाललोय तिला. रात्रीपासून तिनं दोनदा विचारलंय, सुई किती मोठी असते.